होणाऱ्या व्याह्यांसाठी दोन ग्लास पाणी

लातूर जिल्हा झाला त्या दिवसापासून भुजंगराव सूर्यवंशी यांच्या चालण्यात फरक पडला, असे त्यांच्या कुटुंबाचे म्हणणे होते. वस्तुतः ते नव्या जिल्हा कचेरीत कनिष्ठ लिपिक होते, आणि जिल्ह्याच्या निर्मितीतील त्यांचा वाटा उस्मानाबादेहून आलेली कागदांची गाठोडी सोडण्यापुरताच होता. तथापि, कोणी परगावचा मनुष्य लातूरला नावे ठेवू लागला, की ती आपल्या घरालाच ठेवली असे वाटून त्यांचे कान तापत. पुढील सर्व अनर्थ या तापलेल्या कानांनी घडवून आणला.

त्यांची कन्या पंचशीला हिला नांदेडचे स्थळ आले होते. मुलगा भोकरच्या शाळेत शिक्षक होता. मुलीनेही मान खाली घालून, परंतु शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे "चालंल" असे सांगितले होते. घोडे अडले होते ते मुलाच्या वडिलांपाशी. केरबाजी सोनकांबळे हे नांदेडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते, आणि गाड्या पुकारण्यात हयात गेल्यामुळे समोरासमोर बसूनही ते पुकारूनच बोलत.

"पोरगी पसंत हाय," ते पुकारले, "पर माणसं कशी हायत ते अजून कळायचं हाय. येत्या शनिवारी पुन्हा येतो. मंग शब्द देतो."

एवढ्यावर ते गेले असते तर ही कथा लिहिण्याचे कारण उरले नसते. परंतु उंबऱ्यापाशी चपला घालता घालता ते म्हणाले, "आमच्या नांदेडात एका हॉटेलात रोज संध्याकाळी गझल असती बघा. मोठमोठी माणसं खुर्च्या टाकून ऐकत बसत्यात. तुमच्या लातुरात असलं काही हाय, का निस्त्या डाळीच्याच गिरण्या?"

भुजंगरावांचे कान तापले.

"आहे की!" ते म्हणाले. "शनिवारी मी स्वतः आपणांस घेऊन जाईन."

पाहुणे गेल्यावर नागुबाईंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबाने, पदर खोचून विचारले, "कुठं हाय ते?"

"असेल."

"असंल? तुम्हाला ठावं न्हाई आन् पाव्हण्याला नेतो म्हणून सांगितलं?"

"जिल्ह्याचे ठिकाण आहे," भुजंगराव गंभीरपणे म्हणाले. "असलेच पाहिजे."

चौकशीअंती असे निष्पन्न झाले की ते होते, पण एकच होते. औसा रस्त्यावर शेंगांच्या एका जुन्या गोदामात 'हॉटेल चांदणी' नावाची परमिट रूम निघाली होती आणि तेथे संध्याकाळी कोणी गवई गझला म्हणत असे. ही माहिती कचेरीच्या जीपचे चालक श्रीमंत यांनी पुरवली. श्रीमंत शेजारीच राहत आणि साहेबांसोबत हैदराबादपर्यंत जाऊन आलेले असल्यामुळे जगातील कोणत्याही विषयावर त्यांचा सल्ला तयार असे.

येथे सांगितले पाहिजे की भुजंगराव वस्तीतील बुद्धविहाराचे चिटणीस होते. दर रविवारी वंदना तेच घेत आणि मद्याला त्यांनी जन्मात स्पर्श केला नव्हता. 'आपण केवळ गाणे ऐकू, काही घेणार नाही,' अशी त्यांनी मनाची समजूत घातली. परंतु मनाची समजूत घालणे सोपे असते, शासकीय नोकराची घालणे कठीण. फलकावर 'परमिट' हा शब्द होता. उद्या कोणी विचारले, की सदर लिपिक तेथे कोणत्या अधिकारात बसला होता, तर काय उत्तर देणार? तेव्हा मद्याचे परवाने मिळत त्या कचेरीत ते जेवणाच्या सुट्टीत गेले.

तेथे रेवणसिद्ध नावाचे कारकून पंखा बंद असल्यामुळे फायलीने वारा घेत होते.

"पिण्याचा पाहिजे का जवळ बाळगण्याचा?" त्यांनी विचारले.

"बसण्याचा," भुजंगराव म्हणाले.

"बसायला परवाना न्हाई लागत, भाऊसाहेब. खुर्ची लागती."

"मी पिणार नाही. फक्त गायन ऐकणार आहे. त्याचा काही कागद असला तर बरे."

रेवणसिद्धांनी फाईल खाली ठेवली आणि मागच्या टेबलाला हाक मारली, "अहो, हिकडं या जरा. न पिण्याचा परवाना मागाया माणूस आलाय. म्या तर नोकरीत पहिल्यांदाच बघायलोय."

चार माणसे भुजंगरावांना पाहून गेली. प्रत्येकाने त्यांना नाव, गाव आणि 'खरंच न्हाई का पीत?' असे विचारले. अखेरीस रेवणसिद्धांना दया आली आणि ते म्हणाले की न पिण्याचा निघत नाही, तेव्हा पिण्याचाच घ्या आणि पिऊ नका. फक्त एक अडचण होती. लातूरचा शिक्का अजून तयार होऊन आला नव्हता. उस्मानाबादचा होता.

"म्हणजे," भुजंगराव सावकाश म्हणाले, "लातूरच्या रहिवाशाने, लातुरात बसून, उस्मानाबादच्या शिक्क्यावर...?"

"शिक्क्यानं चव बदलत न्हाई, भाऊसाहेब."

भुजंगराव उठले. काही गोष्टी मनुष्य पोटासाठी सहन करतो, परंतु या बाबीत पोटाचा संबंध नव्हता. परवान्याविना ते परत आले. मात्र त्यांच्या आधी बातमी येऊन पोहोचली होती.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. विहिरींनी तळ दाखवला होता आणि वस्तीत टँकर येई तेव्हा सर्व बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत. रांग लांब, पाणी थोडे आणि वेळ भरपूर, त्यामुळे बातम्यांच्या वाटपाला याहून उत्तम व्यवस्था कोणत्याही शासनाला करता आली नसती. त्या संध्याकाळी रांगेत शेजारच्या लक्ष्मीबाईंनी नागुबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"लपवू नका, बाई. आमच्या मालकाचं बी असंच सुरू झालं व्हतं. आधी निस्तं गाणंच ऐकाया जायचे."

नागुबाई घरी आल्या त्या रिकाम्या घागरीने आणि भरल्या डोळ्यांनी. "लेकीचं लगीन जमवाया निघालात का मोडाया?" एवढेच त्या म्हणाल्या आणि चुलीपुढे बसल्या. पंचशीलाने वडिलांचा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला. पोरीने एवढ्या आशेने कडक केलेला सदरा घालून आपण कुठे जाणार आहोत, हे भुजंगरावांना कोणाला सांगवेना.

रात्री श्रीमंत ओट्यावर येऊन बसले.

"भाऊसाहेब, एकच सांगा. पाव्हणा पितो का?"

हे कोणालाच ठाऊक नव्हते. मध्यस्थ ग्यानोबांना विचारले, तर ते म्हणाले होते, "म्या तर त्यांला चहाच पिताना बघितलंय. पर चहा काय, सगळेच पित्यात."

"मंग नीट ऐका," श्रीमंत म्हणाले. "पाव्हणा पीत असंल आन् तुम्ही न्हाई म्हणलात, तर त्याला वाटंल तुम्ही त्याला नावं ठेवायलात. सोयरीक गेली. पाव्हणा पीत नसंल आन् तुम्ही पिलात, तरी बी सोयरीक गेली. तवा आधी त्यानं तोंड उघडू द्या. तवर गप राहायचं."

"आणि त्याने उघडलेच नाही तर?"

"तर गाणं ऐका की! त्याच्यासाठीच चाललात न्हवं?"

हा सल्ला भुजंगरावांना इतका पटला की त्या भरात त्यांनी श्रीमंतांना दुसरा चहा पाजला. पाणी नव्हते तरी पाजला.

शनिवारी केरबाजी आले ते एसटीतून धूळ खात. उन्हाने चेहरा रापला होता, घसा बसला होता, आणि ज्या आवाजाने नांदेडचे बसस्थानक दणाणत असे तो आता पत्र्यावर वाळू घासल्यासारखा येत होता. घरचा तांब्याभर पाण्याचा पाहुणचार संपल्यावर दोघे रिक्षाने निघाले. भुजंगराव वाटेत जिल्हा कचेरीची जागा, न्यायालयाची जागा, पुढेमागे होणाऱ्या इमारतींच्या जागा दाखवत होते. केरबाजी खोकत होते.

हॉटेल चांदणीत अजून शेंगतेलाचा वास होता. निळे दिवे लावले होते. दारातील कुंड्यांमधली झाडे पाण्यावाचून वाळली होती, म्हणून मालकाने त्यांना हिरवा ऑइलपेंट दिला होता. समोर सतरंजी घातलेला चौथरा, त्यावर पेटी आणि तबला. गवई यायचा होता. टेबले बऱ्यापैकी भरलेली पाहून भुजंगरावांना क्षणभर अभिमानही वाटला.

"तोंड धुऊन येतो," असे घोगऱ्या आवाजात म्हणून केरबाजी मागच्या बाजूला गेले. "तवर पाणी सांगा."

वेटर आला. "काय आणू?"

"पाणी. दोन ग्लास."

"आन् त्याच्यासंगं?"

"त्याच्यासोबत काही नाही. पाणीच."

वेटरने भुजंगरावांकडे असे पाहिले की जणू त्यांनी त्याची किडनी मागितली, आणि जाऊन मालकालाच घेऊन आला. मालकाचे नाव व्यंकटी. उदगीरकडचा गृहस्थ, बोलायला अतिशय मऊ.

"सायब, इस्कीनं कपाट भरलेलं हाय. रम हाय, बिअर हाय. म्हणाल ते देतो. पाण्याचं तेवढं नका काढू. टँकर आला न्हाई. एका पेगामागं एक ग्लास पाणी, असा नियम केलाय."

"सोडा?"

"सोड्याची गाडी सोलापूरहून निघालीच न्हाई."

"चहा तरी?"

"चहात काय घालू, सायब? पाणीच ना?"

मागून केरबाजींच्या खोकल्याचा आवाज आला. नळ कोरडा असल्याचे त्यांना एव्हाना समजले असावे. भुजंगरावांना घाम फुटला. होणारा व्याही आपल्या गावी तहानेने व्याकूळ आणि आपण त्याला घोटभर पाणी देऊ शकत नाही! त्यांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "दोन पेग आणा. पण पाणी आधी ठेवा."

केरबाजी परत आले तेव्हा टेबलावर पाण्याचे दोन ग्लास होते आणि त्यांच्या शेजारी दोन पेग होते. केरबाजींनी पेगांकडे पाहिले, भुजंगरावांकडे पाहिले, आणि पाण्याचा एक ग्लास एका दमात रिकामा केला. मग दुसराही.

ज्याच्या मुखातून अखंड गाड्या सुटत तो मनुष्य गप्प झाला म्हणजे समोरच्याने काय समजावे? भुजंगरावांच्या जिभेवर खरे कारण आले होते. 'पाण्यासाठी मागवले हो,' असे म्हटले की संपले. परंतु म्हणजे लातुरात, जिल्ह्याच्या ठिकाणी, पैसे टाकूनही पाणी मिळत नाही, असे एका नांदेडकराला आपल्या तोंडाने सांगणे आले. खरे सांगावे तर लातूरची अब्रू जाते, न सांगावे तर स्वतःची. अशा पेचात सापडलेला मनुष्य जे करतो तेच त्यांनी केले. ते छताकडे पाहू लागले.

"अजून पाणी भेटंल का?" केरबाजींनी विचारले.

भुजंगरावांनी छताकडे पाहतच दोन बोटे वर केली. वेटर दोन ग्लास पाणी आणि दोन पेग घेऊन आला. केरबाजी पाणी प्यायले. खोकला पुन्हा उसळला. पुन्हा दोन बोटे, पुन्हा दोन पेग. केरबाजींची तहान नांदेडपासून साचलेली होती. बघता बघता टेबलावर पेगांची अशी रांग लागली की आजूबाजूची जाणती मंडळी माना वळवून आदराने पाहू लागली.

"नेहमी येता का?" केरबाजींनी बारीक आवाजात विचारले.

"छे! प्रथमच."

नेमका त्याच वेळी वेटर वाकून म्हणाला, "भाऊसाहेब, अजून एक जोडी लावू?"

केरबाजींनी खुर्ची किंचित मागे सरकवली. भुजंगरावांना खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा आठवला आणि तो आता आपल्याच अंगावर आहे, हेही आठवले. सोयरीक मोडली, हे त्यांना स्वच्छ दिसू लागले. उद्या टँकरच्या रांगेत नागुबाई कोणत्या तोंडाने उभ्या राहतील? पोरगी तर काही बोलणारही नाही, आणि त्याचेच भय जास्त होते.

इतक्यात गवई आला. चकचकीत कोट, डोळ्यांत सुरमा. पेटीपुढे मांडी घालून त्याने माईक ओढला, सभागृहावर एक नजर फिरवली, आणि ती नजर भुजंगरावांवर येऊन थिजली.

तो लिंबाजी होता. लिंबाजी आणि त्याची गायनपार्टी! दरवर्षी जयंतीला विहारापुढच्या मांडवात भीमगीतांचा कार्यक्रम तो करी आणि त्याला सुपारी द्यायला चिटणीस या नात्याने भुजंगराव जात. या वर्षी दुष्काळामुळे गावोगावचे कार्यक्रम बुडाले, तेव्हा बिचारा पोटासाठी येथे गझला म्हणत होता. आता गेली कित्येक वर्षे समोर पहिल्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यात भुजंगराव दिसले, की लिंबाजीच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडत आलेले होते. माणसाच्या जिभेला सवय लागली म्हणजे ती जागा बघत नाही.

"जयभीम!" लिंबाजी माईकवर म्हणाला. "आपल्या विहाराचे चिटणीस आदरणीय सूर्यवंशी साहेब हितं हजर हायत. कार्यक्रमाच्या आधी त्यांनी वंदना घ्यावी, ही इनंती."

म्हटल्यावर त्याला आपण कुठे बसलो आहोत ते कळले असावे, कारण त्याचा चेहरा सुरम्यासकट पांढरा पडला. परंतु माईकवर गेलेला शब्द माघारी घेता येत नाही. कोपऱ्यातील दोन टेबले तत्काळ उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून शेजारची उभी राहिली. डाळ गिरणीचे दोन व्यापारी होते, त्यांना वाटले राष्ट्रगीत आहे, तेही ताठ झाले. एकाने टेबलाखाली चपला काढल्या, ते पाहून सर्वांनी काढल्या. व्यंकटी गल्ल्यामागे हात जोडून उभा राहिला.

भुजंगराव चौथऱ्याकडे कसे गेले हे त्यांना पुढे कधीही आठवले नाही. वंदना नाकारणे त्यांच्याने होणे नव्हते आणि ती येथे घेणे म्हणजे काय, हे त्यांना पुरेपूर कळत होते. पायातले बूट काढून ते माईकपुढे उभे राहिले. त्यांनी म्हणावे, मागून मंडळींनी म्हणावे, असे सुरू झाले. आवाज कापत होता, पण शब्द शुद्ध होते. त्रिशरण झाले. पहिले शील झाले. दुसरे, तिसरे, चौथे झाले.

पाचवे शील मद्य न घेण्याचे. भुजंगरावांनी तोंड उघडले आणि समोर त्यांना आपले टेबल दिसले. निळ्या उजेडात पेगांची ती रांग चमकत होती. ते तेथेच थांबले. पुढे काय येते ते ज्यांना ठाऊक होते, ते आपापल्या ग्लासांकडे पाहू लागले. ज्यांना ठाऊक नव्हते, ते इतरांकडे पाहू लागले. एका गृहस्थाने घाईघाईने ग्लास रिकामा केला आणि मग पुन्हा हात जोडले.

तेव्हा मागून एक आवाज उठला. सहा ग्लास पाणी पोटात गेल्याने तो आता पूर्ण सुटला होता. गाडी फलाटाला लागल्याचे नांदेडभर कळवणारा तो आवाज, आणि त्या आवाजात केरबाजींनी पाचवे शील एकट्याने, अथपासून इतिपर्यंत, खणखणीत म्हटले. गोदामाचे पत्रे वाजले. मग सर्वांनी ते म्हटले. भुजंगरावांनी सर्वांच्या मागून म्हटले.

त्यानंतर लिंबाजीने गझल धरली. इतके शांतपणे गाणे त्या जागी कधी ऐकले गेले नसेल, कारण कोणाचा हात ग्लासाकडे जाईना. भुजंगराव बूट हातात घेऊनच टेबलाशी परतले.

केरबाजी रांगेकडे बोट करून म्हणाले, "एक सांगा. ह्यातला एक बी थेंब तुम्ही घेतला न्हाई. म्या घेतला न्हाई. मंग मागवायलात कोणासाठी?"

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. "पाण्यासाठी," भुजंगराव म्हणाले. "एका पेगामागे एक ग्लास देतात. लातुरात पाणी नाही हो, केरबाजी."

केरबाजी हसले, आणि ते हसणेही पुकारल्यासारखेच होते. लिंबाजीचा सूर हलला.

"म्या मनात म्हणलं, हे बिढार पिणाऱ्याचं हाय. घरी जाऊन नकार कळवणार व्हतो. आवो, आन् नांदेडात तरी कुठं पाणी हाय?"

"पण आपण तेथे त्या हॉटेलात..."

"आत कोण गेलंय? ड्युटी सुटली की समोरच्या पानपट्टीवर उभा ऱ्हातो आन् रस्त्यावरून ऐकतो. आत लोकं काय करत्यात, मला काय म्हाईत!"

एवढ्यात व्यंकटी स्वतः पाण्याचा भरलेला जग घेऊन आला आणि टेबलावर आदळून म्हणाला, "घ्या सायब. तुमच्यापायी आज कोणीच काही मागवीना. पाणी उरलंय." शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मात्र खुर्ची सरकवून जवळ आले आणि रांगेकडे पाहून सभ्यपणे विचारू लागले, "हे तुमचं व्हायचं हाय, का झालं?"

केरबाजींनी जगमधून दोन ग्लास भरले आणि एक भुजंगरावांपुढे ठेवला.

"सोयरे," ते म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी प्रथमच उच्चारला होता, "पोरगी आमची झाली. पर एक अट हाय."

भुजंगरावांचा ग्लास ओठाशी थांबला.

"लग्नात वंदना तुम्हीच घ्यायची. आन् पाचव्याला थांबायचं न्हाई."

दर रविवारी वंदना घेणाऱ्या चिटणिसाला असली अट घालावी, याचा भुजंगरावांना फार अपमान वाटला. त्यांचे कान तापले. त्यांनी ग्लास खाली ठेवला, सदऱ्याची बाही नीट केली आणि अट मान्य केली.